सहा महिन्यांची मुदत कोणाच्या सोयीची?

५ ऑगस्ट २०१९ हा दिवस जम्मू-काश्मीरविषयीच्या निर्णयामुळे संसदेच्या इतिहासात नोंदला गेला आहे. त्या दिवशी साऱ्या देशाचे लक्ष राज्यसभेकडे लागले होते. शेजारच्या लोकसभेत त्याच दिवशी मोटार वाहन (सुधारणा) विधेयकावर शेवटचे शिक्कामोर्तब झाले, याचे स्मरण आज फार थोड्यांना असेल. ज्यांना असेल त्यांनाही ते दंडाच्या वाढीव आकड्यांमुळेच. मद्यपान करून वाहन चालविल्यास दहा हजार, परवान्याविना चालविल्यास पाच हजार, हे आकडे त्या वेळी घरोघरी चर्चिले गेले. गुजरातने ते तातडीने कमी केले, महाराष्ट्राने अंमलबजावणीच थांबविली आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ते राजकीयदृष्ट्या शहाणपणाचेही ठरले. या गदारोळात त्याच कायद्यातील एक ओळ कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. अपघात घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला नसेल तर नुकसानभरपाईचा दावा दाखलच करून घेतला जाणार नाही, असे ती ओळ सांगते. कलम १६६ चे हे तिसरे उपकलम १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले.

दंड भरणारा मतदार जिवंत असतो, रस्त्यावर असतो आणि ओरडू शकतो. भरपाई मागणारा मतदार बहुधा रुग्णालयात असतो किंवा कोणाच्या तरी दहाव्याच्या तयारीत असतो. संसदेतील चर्चेचा तोल कोणत्या बाजूला झुकतो याचे उत्तर या साध्या वस्तुस्थितीत आहे.

ही मुदत नवी नाही, आणि म्हणूनच तिचे पुनरागमन अधिक गंभीर आहे. १९३९ च्या कायद्यात मुदत होती. परंतु पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ करण्याची मुभा न्यायाधिकरणास होती. १९८८ च्या कायद्याने सहा महिने ठरविले आणि कारण पटल्यास जास्तीत जास्त बारा महिन्यांपर्यंत सवलत ठेवली. पुढे १९९४ मध्ये संसदेने विचारपूर्वक ही मुदतच कायद्यातून काढून टाकली. अपघातग्रस्तांचे दावे केवळ तारखेच्या चुकीमुळे फेटाळले जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू होता, आणि १९९६ मध्ये धन्नालाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या सामाजिक हेतूची दखल घेऊन मुदतीअभावी अडकलेल्या दाव्यांनाही त्याचा लाभ दिला. पंचवीस वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच संसदेने मुदत परत आणली आणि ती आणताना विलंबमाफीचा उल्लेखही केला नाही. म्हणजे आज कायद्याच्या पुस्तकात असलेली तरतूद १९३९ च्या ब्रिटिश अमदानीतील कायद्याहूनही कठोर आहे.

अन्य कायद्यांशी तुलना केली म्हणजे हा कठोरपणा अधिक स्पष्ट होतो. विकत घेतलेला दूरदर्शन संच बिघडला तर ग्राहक आयोगाकडे जाण्यास दोन वर्षे मिळतात आणि त्यापुढील विलंबही कारण दाखवून माफ होऊ शकतो. कामावर जखमी झालेल्या कामगारास दोन वर्षे, रेल्वे अपघातातील पीडितास एक वर्ष, आणि या दोन्ही ठिकाणी माफीची सोय आहे. केवळ सडकेवर ट्रकखाली सापडलेल्याच्या विधवेसाठी सहा महिने, आणि माफी नाही! हा भेद कशाच्या आधारावर केला, हे कायद्याच्या मजकुरात कोठेही सांगितलेले नाही.

सहा महिने हा काळ दिल्लीतील शासकीय निवासस्थानात बसून पाहिला तर पुरेसा वाटतो. एखादे उदाहरण कल्पून पाहावे. विटा, खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त टापूतून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली गलाई कुटुंबे राजधानीतील मराठी वाचकांस अपरिचित नाहीत. समजा, यांपैकी बत्तीस वर्षांचा एक कारागीर पंजाबातील एका गावी सराफकट्ट्यावर महिना पंधरा हजार रुपये मिळवीत होता आणि एका रात्री महामार्गावर ट्रकने त्याला उडविले. भाऊबंद वर्गणी काढून मृतदेह गावी आणतात. मागे पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. फिर्याद गुरुमुखीत नोंदलेली, शवविच्छेदनाचा अहवाल पंजाबातील रुग्णालयात, ट्रक राजस्थानात नोंदलेला, त्याचा विमा कोणत्या कंपनीकडे आहे हे केवळ तपासी अंमलदाराला ठाऊक आणि तो अंमलदार दूरध्वनी उचलत नाही. तालुक्याच्या वकिलाकडे जायचे तर आधी कागद हवेत. कागदांसाठी पंजाबला जायचे तर भाड्याला पैसे हवेत. वर्षश्राद्ध दूरच, सहा महिने केव्हा उलटले याचा पत्ताही त्या घराला लागत नाही.

आता या घराने काय गमावले, तेही पाहू. २००९ च्या सरला वर्मा प्रकरणातील आणि २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणातील निकालांनी सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचे गणित बव्हंशी निश्चित केले आहे. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसाच्या मासिक उत्पन्नात भावी वाढीचे चाळीस टक्के मिळवावयाचे, म्हणजे पंधरा हजारांचे एकवीस हजार होतात. अवलंबून असणारी माणसे चार असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, उरतात १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. बत्तीस वर्षांच्या वयाला गुणक सोळा. एकूण ३० लाख २४ हजार रुपये. त्यावर अंत्यविधी, सहचर-वियोग वगैरेंची ठरीव रक्कम आणि व्याज वेगळे. हा कारागीर कोणी धनिक नव्हता, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. तीस लाखांचा हा कायदेशीर हक्क एकशे ऐंशी दिवसांनंतर शून्य होतो, आणि ज्या विमा कंपनीने त्या ट्रकचा हप्ता नियमितपणे घेतला होता तिचे दायित्वही त्याच दिवशी संपते.

जखमींची स्थिती याहून बिकट असते. पाय गमावलेल्या वा कण्याला इजा झालेल्या माणसाचे अपंगत्व किती टक्के, हे उपचार संपल्याशिवाय वैद्यकीय मंडळ सांगत नाही. शस्त्रक्रिया आणि त्यापुढील उपचार सहा महिन्यांत संपतातच असे नाही. मुदत मात्र अपघाताच्या क्षणापासून चालू झालेली असते.

विमा कंपन्यांची बाजू ऐकल्यावाचून निकाल देणे अर्थातच न्यायाचे होणार नाही. मालमत्तेचा वा स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा आणि त्रयस्थाच्या जिवाचा विमा यांत मूलभूत फरक आहे. त्रयस्थाच्या दाव्यावर १९८८ च्या कायद्याने कमाल मर्यादा ठेवलेली नाही. दावा कधी येईल आणि किती रकमेचा येईल हे हप्ता ठरविताना कळत नाही. मुदत नसताना आठ-दहा वर्षांनी दाखल होणाऱ्या दाव्यात साक्षीदार सापडत नाहीत, वाहन भंगारात गेलेले असते. शिवाय बनावट दाव्यांचा धंदा ही कल्पित गोष्ट नाही. उत्तर प्रदेशात खोट्या दाव्यांचा एवढा सुळसुळाट झाला की उच्च न्यायालयास विशेष तपास पथक नेमावे लागले आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी वकिलांच्या सहभागाबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली. १ जानेवारी २००७ पासून अन्य वाहन विम्याचे दर खुले झाले तरी त्रयस्थ विम्याचे दर नियंत्रितच राहिले. तो तोटा वाटून घेण्यासाठी २००७ ते २०१२ या काळात सर्व कंपन्यांचा सामाईक निधी चालवावा लागला, तोही तोट्यातच गेला.

हे सर्व मान्य करूनही प्रश्न उरतो. बनावट दावे रोखण्यासाठी सहा महिन्यांची भिंत उपयोगी पडते काय? खोटा दावा रचणारी टोळी, तिच्या दिमतीचा वकील आणि हाताशी असलेला पोलीस कर्मचारी हे तिघेही तारखेच्या बाबतीत अत्यंत दक्ष असतात. त्यांना सहा महिने काय, सहा आठवडेही पुरतात. मुदत चुकते ती अनभिज्ञाची. ज्याला फसवावयाचे आहे तो वेळेवर येतो आणि ज्याला न्याय हवा आहे तो उशिरा पोहोचतो, अशा परिस्थितीत मुदतीची चाळणी नेमके कोणाला गाळते?

दुसरा युक्तिवाद हप्त्याचा. दाव्यांवर लगाम आला की विमा स्वस्त होईल, असे या सुधारणांच्या समर्थनार्थ जगभर सांगितले जाते. आपल्याकडील अनुभव काय? मुदतीचे कलम एप्रिल २०२२ मध्ये लागू झाले आणि १ जून २०२२ पासून केंद्राने त्रयस्थ विम्याचे नवे दर अमलात आणले. हजार ते दीड हजार सीसीच्या खाजगी मोटारीचा हप्ता ३,२२१ वरून ३,४१६ झाला. दीडशे ते साडेतीनशे सीसीच्या दुचाकीचा १,१९३ वरून १,३६६. कोरोनाच्या काळात दर गोठविलेले होते, तेव्हा ही वाढ अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु मुदतीमुळे वाचणाऱ्या पैशातून वाहनधारकास चार पैसे परत मिळतील ही अपेक्षा त्या तक्त्यात कोठेही प्रतिबिंबित झालेली नाही. खाजगी वाहनाच्या या सक्तीच्या हप्त्यावर सरकार स्वतः अठरा टक्के कर घेते हे वेगळेच.

खर्च वाढण्याची खरी कारणे अन्यत्र आहेत. २०२२-२३ अखेर देशात मोटार अपघातांचे दहा लाखांहून अधिक दावे प्रलंबित होते आणि त्यांची रक्कम ऐंशी हजार कोटींच्या वर होती. यांतील प्रत्येक दाव्यावर व्याजाचा काटा फिरत असतो, वकिलाचे शुल्क वाढत असते, आणि निकालानंतर कंपनी उच्च न्यायालयात गेली की दोन्ही नव्याने सुरू होतात. दुसरीकडे, हप्ता भरणाऱ्यांचीच संख्या तोकडी. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार देशातील अठरा कोटी वाहनांपैकी सुमारे सहा कोटींनाच विमा होता. म्हणूनच नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घेण्याची सक्ती १ सप्टेंबर २०१८ पासून झाली. विम्याविना धावणारी कोट्यवधी वाहने रस्त्यावरून हटविणे किंवा विम्याच्या कक्षेत आणणे हे काम कष्टाचे आहे, त्यात प्रत्येक राज्याच्या परिवहन खात्याशी झगडावे लागते. त्यामानाने कायद्यात एक वाक्य घालणे सोपे.

आता संसदेतील प्रवासाकडे वळू, कारण तेथे आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये मांडलेल्या मूळ विधेयकात विमा कंपनीचे दायित्व मृत्यूसाठी दहा लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पाच लाख रुपयांवर सीमित करण्याची तरतूद होती. न्यायालयाने ठरवावयाच्या भरपाईला मात्र मर्यादा नव्हती. म्हणजे वर उल्लेखिलेल्या कुटुंबाला न्यायालय तीस लाख देणार, कंपनी दहा देणार आणि उरलेले वीस लाख ट्रकमालकाकडून वसूल करीत विधवेने हिंडावयाचे. एका ट्रकचा मालक असलेला चालक वीस लाख कोठून आणणार? यावर योग्य ती टीका झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये लोकसभेने संमत केलेल्या मसुद्यातून ही मर्यादा वगळली गेली. पुढे राज्यसभेने विधेयक विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीकडे पाठविले; समितीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अहवाल दिला, तरी सोळाव्या लोकसभेबरोबर ते व्यपगत झाले. २०१९ मध्ये ते पुन्हा आले तेव्हा राज्यसभेतील विरोधाचा भर राज्यांच्या अधिकारांवरील आक्रमणावर आणि परवाने-नोंदणीच्या खाजगीकरणाच्या शंकेवर होता. तो विरोध निराधार नव्हता. पण राज्यांच्या हक्कांसाठी भांडणारे अनेक असतात.

कमाल मर्यादा गेली असे वाटत असताना तिच्यासाठी खिडकी मात्र उघडी राहिली. सुधारित कलम १४७ नुसार मृत्यू वा गंभीर दुखापतीबाबत मूळ हप्ता किती आणि त्या हप्त्याच्या संदर्भात विमा कंपनीचे दायित्व किती, हे दोन्ही केंद्र सरकार विमा नियामकाशी विचारविनिमय करून नियमांनी ठरवू शकते. जी मर्यादा २०१७ मध्ये लोकसभेत टिकली नाही, ती उद्या एखाद्या अधिसूचनेने येऊ शकेल आणि अधिसूचनेवर सभागृहात चर्चा क्वचितच होते. या पानाच्या वाचकांपैकी जे मंत्रालयांत नियमांचे मसुदे तयार करतात त्यांना हे सांगण्याची आवश्यकता नाही.

विमा कंपन्यांची संघटना आहे, संसदीय समित्यांपुढे निवेदने करण्यासाठी त्यांच्याकडे तज्ज्ञ आहेत. मालवाहतूकदारांची संघटना जुलै २०१८ मध्ये आठ दिवस देशभर ट्रक थांबवू शकली आणि तिच्या मागण्यांत त्रयस्थ विम्याचा हप्ता कमी करणे ही एक होती. अपघातात मेलेल्यांची संघटना नसते. मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. पुढील वर्षी मृतांची संख्या १ लाख ७२ हजारांवर गेली. डिसेंबर २०२४ मध्ये नितीन गडकरी यांनी लोकसभेत कबुली दिली, की आपण मंत्री झाल्यानंतर अपघात घटण्याऐवजी वाढले आणि परदेशातील परिषदांत या विषयावर तोंड लपविण्याची पाळी येते. असा स्पष्टवक्तेपणा मंत्र्यांमध्ये दुर्मीळ आहे. त्याच मंत्र्यांच्या कायद्यातील मुदतीचे कलम मात्र या मृतांच्या वारसांना दारातूनच परतविते, ही विसंगती त्यांच्या नजरेस कोणी आणून दिली असेल काय?

२०१९ च्या कायद्यात चांगले काही नाही, असे नव्हे. दोष कोणाचा हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख देण्याची तरतूद त्याने केली. वाहन ठोकरून पळून गेलेल्या प्रकरणी मिळणारे पंचवीस हजार रुपये १९९४ पासून तेवढेच होते, ते दोन लाख झाले. कंपनीने तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव ठेवावा, असेही त्यात आहे. परंतु हक्क देणे आणि तो पोहोचविणे यांतील अंतर किती, ते ठोकरून पळण्याच्या प्रकरणांतच पाहावे. २०२२ मध्ये असे ६७,३८७ अपघात आणि त्यांत ३०,४८६ मृत्यू नोंदले गेले. २०२२-२३ मध्ये या योजनेखाली दावे आले २०५ आणि निकाली निघाले ९५! अपघातानंतरच्या पहिल्या तासांत विनामूल्य उपचाराची योजना कायद्यात येऊनही जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सरकारला आदेश द्यावा लागला, तेव्हा कोठे मे २०२५ मध्ये दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची योजना अधिसूचित झाली. न्यायालयाची छडी उगारल्याविना सरकारी यंत्रणा हलत नाही, आणि त्याच यंत्रणेने नागरिकास सहा महिन्यांची शिस्त शिकवावी!

वास्तविक या पेचातून सुटण्याचा मार्ग त्याच कायद्यात आहे. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा आहे, आणि हा अहवालच भरपाईचा अर्ज मानण्याची तरतूद कलम १६६ मध्ये आहे. ही कल्पना राजधानीत नवी नाही. राजेश त्यागी प्रकरणातील दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे ती येथे देशाच्या आधी रुजली. पोलिसांनी आपले काम नव्वद दिवसांत केले तर विधवेला अर्ज करावाच लागणार नाही, मग मुदतीचा प्रश्नच उद्भवत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर महंमद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यासाठी सर्व राज्यांत प्रशिक्षित पोलीस कक्ष उभारण्याचे निर्देश दिले होते. पोलिसाने नव्वद दिवसांची मुदत चुकविली तर त्याचे काय होते? बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही. विधवेने एकशे ऐंशी दिवसांची मुदत चुकविली तर तिचे तीस लाख जातात. कसूर एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, अशी ही रचना आहे.

६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाच्या वैधतेला आव्हान देणाऱ्या याचिकांवर अंतरिम आदेश दिला आणि अंतिम निर्णय होईपर्यंत केवळ मुदतबाह्य म्हणून कोणताही दावा फेटाळू नये, असे न्यायाधिकरणांना व उच्च न्यायालयांना बजावले. आदेश दिलासा देणारा असला तरी अंतरिम आहे. २०२२ ते २०२५ या काळात किती वारस वकिलाच्या दारातूनच परत फिरले, याची नोंद कोठेही होत नसते, कारण न दाखल झालेल्या दाव्याला क्रमांक नसतो.

खरे तर हा विषय न्यायालयाकडे जाण्याचे कारण नव्हते. मुदत ठेवावयाचीच असेल तर ती अन्य कायद्यांप्रमाणे किमान दोन वर्षांची असावी, पुरेशा कारणासाठी विलंब माफ व्हावा आणि पोलिसांचा सविस्तर अहवाल सादर होईपर्यंत ती मुळी सुरूच होऊ नये, एवढी दुरुस्ती करण्यास एक छोटे विधेयक पुरे. महाराष्ट्रातून लोकसभेत अठ्ठेचाळीस आणि राज्यसभेत एकोणीस सदस्य येतात. वाहतूक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांवर त्यांतील अनेक जण बोलतात ते आपल्या मतदारसंघातील उड्डाणपुलांविषयी आणि चौपदरीकरणाविषयी. त्यांपैकी एकाने तरी खाजगी सदस्याचे विधेयक म्हणून हा मसुदा मांडावा. तोवर परमुलखात राहणाऱ्या मराठी मंडळांनी आपल्या सूचनाफलकावर दोन गोष्टी लावून ठेवाव्यात: अपघात परराज्यात घडला तरी दावा वारसदार राहतात तेथील न्यायाधिकरणात करता येतो, आणि अर्ज सहा महिन्यांच्या आत, कागद अपुरे असले तरी, दाखल करावा, राहिलेली कागदपत्रे मागाहून जोडता येतात.